शाळेची खोली आणि मतदाराचा आणा

गावातील सार्वजनिक मालमत्तेत शाळेची इमारत ही सर्वांत दीर्घकाळ वापरात राहणाऱ्या वास्तूंपैकी एक असते; एकदा बांधलेल्या वर्गखोलीत आजोबा, वडील आणि नातू असे तिघेही शिकून जातात, तिची कौले उतरवून पत्रा किंवा स्लॅब पडतो, परंतु जागा सहसा बदलत नाही. असे असूनही ती खोली केव्हा बांधावी, केवढी बांधावी आणि तिचा खर्च कोणी सोसावा हे ठरवणारी व्यवस्था मात्र चालू आर्थिक वर्षाच्या पलीकडे क्वचितच पाहते. ज्या गावाची लोकसंख्या स्थिर आहे तेथे ही उणीव झाकली जाते, कारण जुनी खोली कशीबशी पुरते. ज्या गावाचा विस्तार रस्ता, बाजारपेठ आणि नव्या प्लॉटांमुळे होत असतो तेथे ती उघडी पडते. सातारा जिल्ह्याच्या कराड तालुक्यातील उंब्रज हे या दुसऱ्या प्रकारात मोडणारे गाव होय.

तारळी नदी जेथे कृष्णेला मिळते त्या संगमाजवळ, पुणे–बंगळूर महामार्गावर हे गाव वसलेले आहे. पश्चिमेकडून चाफळ आणि खंडोबाचे पाल या बाजूची, पूर्वेकडून कृष्णा ओलांडून मसूर बाजूची माणसे बाजारहाट, दवाखाना, बँक आणि शिक्षण यांसाठी येथे येतात, आणि त्यांतील काही कुटुंबे मुलांच्या शाळेसाठी म्हणून येथेच खोली घेऊन राहतात. जिल्ह्याचे एकूण चित्र मात्र वाढीचे नाही. २०११च्या जनगणनेनुसार सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३०,०३,७४१ होती आणि आधीच्या दशकातील वाढ जेमतेम ७ टक्के होती, तर त्याच दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. याचा अर्थ असा की डोंगरावरच्या वाडीतील शाळेत दहा-बारा मुले उरतात आणि महामार्गालगतच्या गावात वर्ग दाटीने भरतात, आणि या दोन्ही गोष्टी एकाच जिल्हा परिषदेच्या हद्दीत, एकाच अंदाजपत्रकात घडतात. सरासरी पाहून आखलेला कोणताही कार्यक्रम या दोन शाळांपैकी एकीच्या तरी बाबतीत चुकतो.

अशा वाढत्या वस्तीच्या शाळांसाठी अमेरिकेत जी पद्धत रूढ आहे ती येथे थोडक्यात सांगणे उपयोगी ठरेल. तेथे बहुतेक ठिकाणी शाळा चालवणारे मंडळ हे स्वतंत्र, निवडून आलेले स्थानिक शासन असते. नव्या इमारतीची किंवा मोठ्या दुरुस्तीची गरज भासली की हे मंडळ दहा-वीस वर्षांचा आराखडा करते, त्याचा खर्च मांडते आणि तेवढ्या रकमेचे कर्जरोखे, म्हणजे ठराविक मुदतीने व्याजासह परत करावयाच्या कर्जाचे दस्तऐवज, विक्रीस काढण्याची परवानगी थेट मतदारांकडे मागते. मतदारांनी कौल दिला तर ते कर्ज त्यांच्याच मालमत्ता करातून वीस-तीस वर्षांत फिटते. कॅलिफोर्नियात या कौलासाठी पूर्वी दोन-तृतीयांश मते लागत. नोव्हेंबर २००० मध्ये संमत झालेल्या दुरुस्तीने ही अट काही शर्तींवर ५५ टक्क्यांवर आली. या पद्धतीतील मर्म कर्जात नसून बांधिलकीत आहे: जो पैसे देणार तोच हो किंवा नाही म्हणतो, आणि हो म्हणण्यापूर्वी त्याच्यासमोर यादी, नकाशा आणि आकडा ठेवावा लागतो. तिचा दोषही तितकाच स्पष्ट आहे, कारण जेथे घरे महाग तेथे कर अधिक जमतो आणि तेथील शाळा अधिक चांगल्या होतात.

महाराष्ट्रात असा मतकौल नाही. पुणे महानगरपालिकेने २०१७ मध्ये चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे काढले तेव्हाही तो निर्णय महापालिका आणि राज्य शासन यांच्या पातळीवर झाला, नागरिकांच्या मतपेटीतून झाला नाही. तथापि, शाळेसाठी स्थानिक लोकांकडून पैसा उभारण्याची कल्पना सातारा जिल्ह्याला मुळीच नवी नाही; उलट ती दीडशे वर्षांहून जुनी असून तिचा इतिहास आजच्या अडचणीवर बराच प्रकाश टाकतो.

मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकात जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा असा स्थानिक उपकर सुरू झाला आणि १८६९च्या कायद्याने त्याला पक्के रूप आले. उपकर म्हणजे मूळ करावर विशिष्ट कारणासाठी बसवलेला जादा कर. या आण्याचे दोन-तृतीयांश रस्त्यांना आणि एक-तृतीयांश शाळांना, अशी वाटणी ठरली होती. त्यामुळे कृष्णाकाठचा शेतकरी आपल्या गावात शाळा असो वा नसो, शाळेसाठी पैसे भरू लागला. परंतु तो पैसा कोठे खर्च व्हावा हे ठरवणाऱ्या समित्यांवर अधिकारी आणि नेमलेली प्रतिष्ठित मंडळी असत. ज्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातीलच कटगुण होते त्या जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले त्याचा रोख नेमका याच अंतरावर होता: सरकारचा बहुतांश महसूल कष्टकरी रयतेकडून येतो, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाकडे झुकतो. १८८४च्या कायद्याने लोकल बोर्डे आली, १९२३च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे सोपवला गेला. मतदानाचा हक्क मात्र मालमत्तेच्या अटीने बांधलेला असल्याने उपकर भरणाऱ्यांतील फारच थोडे लोक मतदार होते. कर सर्वांचा आणि कौल थोड्यांचा, अशी ती व्यवस्था होती.

या पोकळीत दुसरी परंपरा उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातीलच काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, आणि पुढे संस्थेने ज्या व्हॉलंटरी शाळा काढल्या, म्हणजे सरकारी यंत्रणा पोचली नव्हती अशा खेड्यांत गावाच्या सहभागावर चालवलेल्या प्राथमिक शाळा, त्यांचा पाया लोकवर्गणीचा होता. लोकवर्गणीत रोख रक्कम हा एक भाग असे. त्याशिवाय धान्य, जागा, लाकूड, दगड, बैलगाडीची खेप आणि अंगमेहनत हे सर्व तिच्यात येई. कर आणि वर्गणी यांतील फरक येथे ध्यानात घेण्यासारखा आहे. कर सक्तीचा असतो आणि देणाऱ्याला विचारत नाही; वर्गणी विचारल्याशिवाय मिळत नाही, आणि म्हणूनच वर्गणी जमवणाऱ्याला चावडीवर किंवा देवळात बसून खोली कोठे, केवढी आणि कशासाठी हे सांगावे लागते. अमेरिकन मतदाराला जे मतपत्रिकेवर मिळते त्याचे साधे, अलिखित रूप या पारावरच्या बैठकीत होते असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

स्वातंत्र्यानंतर, वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर आधारलेल्या १९६१च्या अधिनियमानुसार, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण भागातील प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. हा कायदा झाला तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री असलेले यशवंतराव चव्हाण कराडच्या शाळेत शिकलेले होते, त्यामुळे या भागातील शाळांची स्थिती त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. या रचनेने शिक्षकांचा पगार सुरक्षित केला आणि वाडीवस्तीपर्यंत शाळा नेली, हे तिचे मोठे यश होय. परंतु इमारतीच्या बाबतीत तिने एक गुंता निर्माण केला. उंब्रजमधील घरमालक घरपट्टी ग्रामपंचायतीला भरतो; शाळेची इमारत जिल्हा परिषदेच्या मालमत्ता नोंदवहीत असते; बांधकामाचा मोठा निधी राज्य आणि केंद्र शासनाकडून येतो; आणि त्यातील जिल्हास्तरीय वाटप पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समितीत ठरते. जिल्हा परिषदेचे स्वतःचे उत्पन्न, ज्याला जिल्हा परिषदेच्या भाषेत सेस फंड किंवा स्वनिधी म्हणतात, ते जमीन महसुलावरील उपकर, मुद्रांक शुल्कातील हिस्सा अशा स्रोतांतून येते. उपकराचा दर वाढवण्याचा प्रस्ताव जिल्हा परिषद करू शकते; पण जमीन महसूलच मुळात इतका अल्प राहिला आहे की त्यावरच्या वाढीव उपकरातूनही वर्गखोल्या उभ्या राहणे कठीण आहे. एका आण्याची जागा आता अनेक योजनांनी घेतली, आणि पैसे देणारा व ठरवणारा यांतील अंतर कमी होण्याऐवजी त्यात पायऱ्या वाढल्या. मार्च २०२२ मध्ये सातारा जिल्हा परिषदेची मुदत संपल्यानंतर निवडणुका लांबल्या आणि तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकाचा कारभार राहिला, म्हणजे या सर्व काळात शाळेची मालकी असलेल्या संस्थेत मतदाराने निवडलेला सदस्यच नव्हता.

मतदार ज्या एका ठिकाणी प्रतिनिधीविना, स्वतः बसतो ते ठिकाण म्हणजे ग्रामसभा. १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार गावाच्या मतदारयादीत ज्यांचे नाव आहे ते सर्व तिचे सदस्य असतात, वर्षातून किमान चार सभा घ्याव्या लागतात आणि गणपूर्तीसाठी, म्हणजे सभा वैध ठरण्यासाठी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. उंब्रजसारख्या मोठ्या गावाला हा शंभरचा आकडा लागू पडतो, आणि तोही न भरल्यास तहकूब झालेली सभा पुढे गणपूर्तीविना घेता येते. हजारो मतदारांच्या गावात शाळेचा ठराव पंधरा-वीस जणांच्या साक्षीने होऊ शकतो, ही कायद्याची सवलत आहे आणि गावाची उदासीनताही.

ग्रामसभेच्या जोडीला दुसरे साधन २००९च्या बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियमाने दिले आहे. प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी, तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या जागा स्त्रियांच्या असाव्यात, आणि या समितीने शाळा विकास आराखडा तयार करावा, असे हा कायदा सांगतो. हा आराखडा तीन वर्षांचा असतो व त्यात दरवर्षीची अपेक्षित पटसंख्या, लागणारे शिक्षक आणि जादा खोल्या व सुविधा यांचा हिशेब मांडायचा असतो. कायद्याच्या परिशिष्टात किमान अटीही दिल्या आहेत: प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुख्याध्यापकाची खोली, मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित पाणी, अपंग मुलांना अडथळ्याविना प्रवेश, पोषण आहार शिजवण्याची जागा, मैदान आणि संरक्षक भिंत किंवा कुंपण. इतका नेमका दस्तऐवज ज्या पालकांच्या हाती कायद्याने दिला आहे त्यांपैकी बहुतेकांना तो आपल्या शाळेत आहे हेही माहीत नसते, आणि अनेक ठिकाणी तो तपासणीच्या आदल्या आठवड्यात मागील वर्षीच्या कागदावरून उतरवला जातो.

आराखड्याचा कणा म्हणजे पटाचा अंदाज, आणि वाढत्या गावात नेमका तोच चुकतो. पहिली ते पाचवीच्या शाळेत समजा १८६ मुले आहेत. परिशिष्टानुसार १२१ ते २०० मुलांना पाच शिक्षक आणि १५० च्या वर स्वतंत्र मुख्याध्यापक लागतो, म्हणजे पाच वर्गखोल्या आणि एक कार्यालय. पट २०० च्या पुढे गेला की एका शिक्षकामागे ४० हून अधिक मुले असू नयेत हा नियम लागू होतो; २१५ मुले झाली तर सहावा शिक्षक आणि सहावी खोली हवी. एकोणतीस मुलांच्या वाढीने एक खोली लागते, पण ती वाढ दिसल्यानंतर प्रस्ताव केला तर खोली उभी राहीपर्यंत ती मुले शाळा सोडून गेलेली असतात. म्हणून आजच्या पटावरून मागणी न करता पुढील पाच-सात वर्षांचा अंदाज बांधावा लागतो.

यासाठी लोकसंख्याशास्त्रात जी सोपी रीत वापरतात तिला टिकाव गुणोत्तराची रीत म्हणता येईल: यंदा पहिलीत असलेल्या शंभर मुलांपैकी पुढच्या वर्षी दुसरीत किती आढळतात, हे मागील चार-पाच वर्षांच्या हजेरीपटावरून काढायचे आणि ते प्रमाण पुढे लावत जायचे. शंभरांची ९६ झाली तर मुले गळत किंवा दुसरीकडे जात आहेत, १०५ झाली तर बाहेरून कुटुंबे येत आहेत. पहिलीत येणाऱ्या मुलांचा अंदाज जन्मनोंदीवरून करावा असे पुस्तकांत सांगितलेले असते. परंतु या भागात तो मार्ग फसवा आहे, कारण जन्माची नोंद जेथे प्रसूती होते तेथे होते. उंब्रजची सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते, दुसऱ्या वेळी कराड किंवा साताऱ्याच्या दवाखान्यात दाखल होते, आणि उंब्रजच्या नोंदवहीत त्या मुलांचा पत्ता नसतो. याउलट आजूबाजूच्या वाड्यांतील बाळंतिणी उंब्रजमध्ये प्रसूत झाल्या तर ती मुले नोंदवहीत असतात आणि गावात नसतात. अंगणवाडी सेविकेची सर्वेक्षण नोंदवही, जिच्यात सहा वर्षांखालील प्रत्येक मूल घरनिहाय लिहिलेले असते, ती या कामी कितीतरी अधिक भरवशाची आहे. तिच्या जोडीला ग्रामपंचायतीची घरपट्टी आकारणीची नोंदवही ठेवली तर गावाच्या कोणत्या टोकाला नवी घरे आकाराला येत आहेत हेही दिसते. दोन गट अंदाजातून वजा करावे लागतात: इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या पिवळ्या गाड्यांतून जाणारी मुले, आणि ऊसतोडणीच्या हंगामात आई-वडिलांबरोबर गावाबाहेर जाणारी मुले, तर बाहेरून या पट्ट्यात तोडणीला येणाऱ्या टोळ्यांची मुले अधिक करावी लागतात, जरी ती कोणत्याच पटावर वर्षभर राहत नसली.

खोल्यांची संख्या ठरल्यावर जागेचा प्रश्न येतो, आणि उंब्रजला तो तीन बाजूंनी भिडतो. महामार्गाचा भराव गावाचे दोन भाग करतो. भरावाऐवजी खांबांवरचा, स्थानिक बोलीत ‘पारदर्शक’, पूल व्हावा ही गावाची मागणी वाहतुकीइतकीच शाळेशीही संबंधित आहे, कारण सहा वर्षांच्या मुलाला वेगवान रस्त्यापलीकडे पाठवावे लागत असेल तर नियमातील एक किलोमीटर अंतराच्या आतली शाळाही त्याच्यासाठी दूरच असते. दुसरी बाजू नद्यांची. कृष्णाकाठाने २००५, २०१९ आणि २०२१ साली मोठे पूर पाहिले आहेत, आणि पुरात शाळा हेच गावाचे आश्रयस्थान ठरते. म्हणून नवी इमारत पूररेषेच्या आत घेणे म्हणजे वर्ग आणि निवारा दोन्ही एकदम गमावणे. तिसरी बाजू जमिनीखालची आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी शेजारच्या पाटण तालुक्यात कोयनानगरला झालेल्या भूकंपाची आठवण या परिसरात अद्याप जिवंत आहे. जोत्याच्या, दारे-खिडक्यांच्या वरच्या आणि छताखालच्या पातळीवर भिंतीभोवती काँक्रीटचे अखंड पट्टे बांधले तर धक्क्यात भिंती एकमेकींना धरून राहतात, आणि बांधकामाच्या वेळीच ते केले तर एकूण खर्चाच्या मानाने फार बोजा पडत नाही. अशा गोष्टी अंदाजपत्रकात आहेत की नाहीत हे विचारणे पालकांच्या आवाक्याबाहेरचे नाही.

जुनी खोली पाडणे हे नवी बांधण्याइतकेच किचकट काम आहे. धोकादायक वर्गखोली समितीने ठराव केला म्हणून पाडता येत नाही; तिचे आधी निर्लेखन व्हावे लागते, म्हणजे पंचायत समितीच्या अभियंत्याने तपासणी करून ती वापरास अयोग्य ठरवायची आणि सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीने ती मालमत्ता नोंदवहीतून कमी करायची. त्यानंतर गटशिक्षणाधिकारी आणि शिक्षणाधिकारी यांच्यामार्फत नव्या खोलीचा प्रस्ताव, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश अशी वाटचाल होते. यात जागेची मालकी सिद्ध करणारा उतारा ही सर्वांत क्षुल्लक वाटणारी आणि अनेकदा सर्वांत जास्त अडवणारी गोष्ट असते, कारण कित्येक शाळा गावठाणात, गायरानात किंवा कोणा दानशूराने शब्दावर दिलेल्या जमिनीवर उभ्या आहेत, आणि देणाऱ्याच्या नातवंडांना तो शब्द आठवतोच असे नाही. निर्लेखन झालेले आणि निधी न आलेला, अशा मधल्या अवस्थेत अडकलेल्या शाळांचे वर्ग व्हरांड्यात, समाजमंदिरात किंवा देवळात भरतात.

पैशाची जुळणी ही एकाच पिशवीतून होत नाही, हे आता उघड आहे. २०१८-१९ पासून चालू असलेल्या समग्र शिक्षा योजनेत केंद्र आणि राज्य यांचा वाटा ६०:४० असा आहे. तिच्यातून शाळेला पटानुसार जे संयुक्त अनुदान मिळते ते १०१ ते २५० मुलांसाठी वर्षाला ५०,००० रुपये असून त्यात रंगरंगोटी, किरकोळ दुरुस्ती, खडू-कागद आणि स्वच्छता सारेच भागवायचे असते. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातील ८० टक्के वाटा महाराष्ट्रात ग्रामपंचायतींकडे आला आणि उरलेला पंचायत समिती व जिल्हा परिषद यांच्यात समान वाटला गेला. यातील मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील असल्याने शाळेची स्वच्छतागृहे, हात धुण्याची जागा आणि पाण्याची टाकी ही कामे त्यात बसवता येतात, जेणेकरून वर्गखोलीसाठी मागितलेला जिल्ह्याचा निधी त्यांच्यावर खर्ची पडू नये. आमदार व खासदार निधी आणि कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्व निधी, म्हणजे २०१३च्या कंपनी कायद्याने ठराविक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के इतका समाजकार्यावर खर्च करण्याचे घातलेले बंधन, हे मार्गही आहेत. मात्र ज्याच्याकडे तयार अंदाजपत्रक आहे त्या शाळेलाच ते सहसा मिळतात.

या सर्वांत वाढत्या गावाचे स्वतःचे असे दोन स्रोत आहेत आणि त्यांच्याकडे फारसे लक्ष जात नाही. पहिला, जमिनीच्या खरेदी-विक्रीतून येणारा मुद्रांक शुल्काचा हिस्सा आणि नव्या घरांची घरपट्टी. ज्या घरांमुळे शाळेवर ताण येतो त्याच घरांतून हा पैसा येतो, तेव्हा त्यातील एक निश्चित भाग शाळेच्या आराखड्याकडे वळवण्याचा ठराव ग्रामसभेने करणे न्याय्य ठरते. दुसरा, जिल्हा ग्रामविकास निधी: ग्रामपंचायती आपल्या उत्पन्नातील ठराविक हिस्सा या निधीत जमा करतात आणि जिल्हा परिषद त्यातून ग्रामपंचायतींना विकासकामांसाठी अल्प व्याजाने कर्ज देते. अमेरिकेतील कर्जरोख्याची सर्वांत जवळची देशी बहीण हीच. तिच्यातून थेट जिल्हा परिषदेच्या मालकीची वर्गखोली बांधणे अवघड असले तरी गाळे बांधून त्यांच्या भाड्याचा काही वाटा शाळेच्या देखभालीस बांधून देणे बाजारपेठेच्या गावाला अशक्य नाही. शाळेच्या बाबतीत बांधकामापेक्षा देखभालीचा दुष्काळ जुना आहे. गळणाऱ्या स्लॅबवर वेळेत न घातलेला थर पुढे निर्लेखनाचा प्रस्ताव होऊन परत येतो.

लोकवर्गणीचे काय, हा प्रश्न येथे अटळ आहे. ती आजही जमते. यात्रेच्या खर्चातून वाचवून, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यातून, मुंबई-पुण्यास नोकरीस असलेल्या गावकऱ्यांकडून ती येते. परंतु शिक्षण हा कायद्याने हक्क झाल्यानंतर वर्गणीला जुन्या काळची जागा देता येणार नाही. जेथे वर्गणी ही निधीची पूर्वअट बनते तेथे सधन आळीची शाळा पुढे जाते आणि मजुरांच्या वस्तीवरची शाळा मागे राहते. अमेरिकन पद्धतीचा दोष मग वेगळ्या वाटेने आपल्याकडे येतो. किमान अटींतील कोणतीही गोष्ट वर्गणीवर सोडू नये आणि वाचनालय, सौर पॅनेल, मैदानाची उपकरणे यांसारख्या वरच्या गोष्टींसाठीच ती घ्यावी, ही मर्यादा आराखड्यातच लिहिलेली बरी. वर्गणीचा खरा उपयोग रकमेपेक्षा तिच्यामुळे होणाऱ्या हिशेबाच्या मागणीत आहे: ज्याने पाचशे रुपये दिले तो पाच लाखांच्या कामावर वाळू कसली वापरली हे पाहायला येतो.

इमारतीत नेमके काय बांधायचे याचा एक धडा जिल्ह्यातच घालून दिलेला आहे. सातारा तालुक्यातील कुमठे बीटमधील, म्हणजे देखरेखीसाठी केलेल्या शाळांच्या गटातील, जिल्हा परिषद शाळांनी गेल्या दशकात ज्ञानरचनावादी पद्धतीने, म्हणजे मुलाने स्वतः हाताळून, जुळवून आणि बोलून शिकावे या विचाराने, फरशीवर संख्यारेषा आणि अक्षरजाळी रंगवल्या आणि मुलांच्या हाताला येतील इतक्या उंचीवर फळे उतरवले. त्या शाळा पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक आले. त्या बदलाला कोट्यवधींचा निधी लागला नव्हता. मात्र जमिनीवर बसून शिकणाऱ्या मुलाला कोरडी फरशी, मोकळी जागा आणि पावसाळ्यात पुरेसा उजेड लागतो, आणि हे तिन्ही नकाशातच ठरते. काळ्या दगडाच्या जुन्या शाळांना जी रुंद ओसरी असे ती खर्च कमी करण्याच्या भरात नव्या नकाशांतून आक्रसत गेली; मुलांची बूट काढण्याची, पावसात खेळण्याची आणि जेवणाची जागा त्याबरोबर गेली.

वेळापत्रक हा या नियोजनातील सर्वांत कोरडा आणि सर्वांत निर्णायक भाग. ग्रामपंचायत विकास आराखड्याची मोहीम २०१८ पासून २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. जिल्हा वार्षिक योजनेची मागणी हिवाळ्यात पुढे सरकते. जिल्हा परिषदेचे अंदाजपत्रक मार्चमध्ये मांडले जाते. बांधकामाला सोयीचा काळ उन्हाळी सुट्टीचा, आणि स्लॅबला पाणी मारण्यासाठी विहिरीत पाणी असण्याचा काळ त्याच्याही आधीचा. म्हणजे जूनमध्ये पहिलीचे वर्ग नव्या खोलीत भरवायचे असतील तर त्या खोलीचा ठराव, अंगणवाडीची नोंदवही आणि जागेचा उतारा जोडून, किमान आदल्या वर्षीच्या २ ऑक्टोबरला ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर यायला हवा, आणि निर्लेखन बाकी असेल तर त्याच्याही एक वर्ष आधी. ज्या मुलांसाठी ती खोली लागणार आहे ती त्या दिवशी अंगणवाडीत बसलेली असतात.